कोमट इंजिन

“तोंडानं काही विचारायचं न्हाई,” फाटकाबाहेर चपला झटकत मामा म्हणाला. “डोळ्यानं विचारायचं. मालकाला प्रश्न केला की मालक सावध होतो.”

“माझे सतरा प्रश्न आहेत,” मी म्हणाले.

“सतरा?”

मी वही उघडून दाखवली. मामानं ती माझ्या हातातून घेतली, बंद केली आणि परत माझ्याच पिशवीत कोंबली. “बैलाला सतरा प्रश्न इचारत बसलीस तर हुबा बैल म्हातारा व्हईल, उजे.”

केरबामामा खिलार बैलांचा दलाल होता. चाळीस वर्षं माणदेशातल्या जत्रा-बाजारांतून त्यानं बैलांचे दात मोजले होते, शिंगं चाचपली होती, आणि शिंगं घासून वय लपवलेला बैल दहा पावलांवरून ओळखला होता. मोपेड त्यानं आयुष्यात कधी विकत घेतली नव्हती. पण मी एकटीनं सौदा करायला जाणं त्याला पटेना, म्हणून रविवारी सकाळी थंडीत चार मैल चालत तो माझ्याबरोबर कुरणवाडीला आला होता.

मला ती मोपेड हवीच होती. फाट्यावरच्या दूध शीतकरण केंद्रात केमिस्टची जागा मला मिळाली होती. हजर व्हायचं होतं सोमवारी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, पहाटे साडेपाचला; दूध यायला तेव्हाच सुरुवात होते. मामाच्या गावापासून केंद्र सोळा किलोमीटर आणि पहिली एसटी साडेसातची. यादीत माझ्यानंतर ज्याचं नाव होतं, त्याचं घर केंद्राच्या भिंतीला लागून होतं. साहेबांनी मला हे दोनदा सांगितलं होतं. शिकवण्या घेऊन साठवलेले सहा हजार रुपये माझ्या पिशवीत, वहीच्या खाली होते. त्यापलीकडे काही नव्हतं.

फाटक आबा गळव्यांनी उघडलं. उंच, काटकुळे, डोक्याला टोपी आणि खांद्यावर टॉवेल. मामाच्या खांद्यावरही दलालाचा तसाच टॉवेल होता. दोघांनी आधी एकमेकांच्या खांद्याकडे पाहिलं आणि मग तोंडाकडे.

“पाव्हणं कुठल्या बाजाराचं?” आबांनी विचारलं.

“वरच्या अंगाचं. तुमी?”

“नदीपलीकडचं. आता सोडलं. गुडघं ऱ्हायलं न्हाईत.”

एवढ्यावर त्यांची ओळख पुरी झाली. मी उभीच होते.

गाडी गोठ्याच्या छपराखाली होती. निळी, धुतलेली, पुसलेली. शेजारी दावणीला एक गाय. मामानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. वशिंड दाबावं तशी सीट दाबली. मागचं चाक उचलून फिरवलं, कान लावला आणि “हूं” म्हणाला. त्या “हूं”चा अर्थ कुणालाही लागू नये, हीच त्याची चाळीस वर्षांची कमाई होती.

मी वही काढली.

“आबा, गाडी कोणत्या सालची?”

“सत्त्याऐंशी.”

“म्हणजे नऊ वर्षं. कुणाच्या नावावर आहे?”

“हाय की. घरातच हाय.”

मी लिहिलं: उत्तर अपूर्ण.

“का विकताय?”

मामा जोरात खोकला. हा प्रश्न बाजारात कुणी विचारत नाही. विचारला तर मालक चिडतो. आबा चिडले नाहीत. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग गाईकडे पाहिलं. “नुसती पडून हाय,” ते म्हणाले.

मग मी पिशवीतून थर्मामीटर काढला. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला, पाऱ्याचा, एकशेदहा अंशांपर्यंतचा.

“आता काय ताप बघतीस गाडीचा?” मामा म्हणाला.

“हो.”

गार इंजिन कसं सुरू होतं, यावर जुन्या गाडीची खरी परीक्षा होते, असं मी वाचलं होतं. हवेचं तापमान चौदा अंश. सीटजवळ चौदा. इंजिनाच्या पात्यांमध्ये पाऱ्याचं टोक घातलं, आणि पारा चढत गेला. त्रेचाळीस.

“आबा, आज गाडी चालू केली होती का?”

“न्हाई तर.”

“मग इंजिन गरम कसं?”

“ऊन लागलं आसंल.”

“ऊन अजून भिंतीपलीकडे आहे.”

आबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी घड्याळ लावून दहा मिनिटं थांबले आणि पुन्हा पाहिलं. अडतीस. वहीत आकडेमोड केली.

“साडेसहाच्या सुमाराला बंद केलेली आहे,” मी म्हणाले. “पुरती गार व्हायला नऊ वाजतील. तेव्हा सुरू करून बघू.”

मामानं मला बाजूला ओढलं. तो इतका खूश झाला होता की त्याला कुजबुजताही येईना. “पोरी, शिंगं घासलेला बैल धरलास तू! आता पाचशे तर इथंच तुटलं. तू बोलू नगंस. मी बघतो.”

तेवढ्यात घरातून आवाज आला. “दोन तास गाडी गार होईपर्यंत माणसांनी गारठायचं काय? मुली, तू आत ये. चहा ठेवलाय.”

आबांच्या पत्नी शालन सिस्टर उंबऱ्यात उभ्या होत्या. पंचक्रोशीत त्यांना सगळे सिस्टरच म्हणत, आबासुद्धा. अकरा वाड्यांची त्या सरकारी नर्स होत्या. करडे केस, जाड चष्मा, आणि पांढऱ्या साडीची सवय अजून सुटलेली नव्हती. मी आत जाताना मागं वळून पाहिलं, तर मामा आणि आबा दावणीच्या कट्ट्यावर समोरासमोर बसले होते. मामानं टॉवेल काढून दोघांच्या उजव्या हातांवर टाकला होता.

बैलांचे सौदे असेच होतात. भाव तोंडानं बोलायचा नाही. टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरायची. एक बोट म्हणजे एक हजार. वरून बघणाऱ्याला दिसतात फक्त दोन गंभीर चेहरे आणि मध्येच हलणारं कापड. “न्हाई परवडत,” “हे धरा,” “जनावर बघा की जरा,” एवढंच ऐकू येतं. आज जनावर दोन चाकांचं होतं, इतकाच फरक.

“थर्मामीटर लावलास म्हणे,” सिस्टर चुलीपुढं पाट सरकवत म्हणाल्या. “काखेत लावलास का जिभेखाली?”

मी हसले. मग त्यांनीच हात पुढे केला. “बघू ती वही.”

चष्मा कपाळावर सारून त्यांनी माझे प्रश्न वाचले आणि मी न विचारताच एकेक उत्तर द्यायला लागल्या. मागचा ब्रेक अर्धा लागतो. क्लचची वायर दोनदा बदलली. डाव्या बाजूचा पोचा ओढ्यात पडल्यामुळे आला. “लशींचा डबा वर धरला, म्हणून मी खाली गेले. लस वाचली. एकशे वीस पोरांची होती.” मागचं टायर यंदा बदलावं लागेल. किलोमीटरचा काटा खरा आहे. गाडी त्यांच्या स्वतःच्या नावावर आहे.

“तुमच्या नावावर?”

“मग? पगार माझा, गाडी माझी. आबांना तर गाडी येतसुद्धा नाही. मागं बसतात, आणि सगळ्या रस्त्याला ‘हळू, हळू’ म्हणतात.”

आम्ही दोघींनी खिडकीतून बाहेर पाहिलं. टॉवेल हलत होता.

“म्हणजे गाडी तुमची, पैसे माझे,” मी म्हणाले.

“आणि बोटं त्यांची,” सिस्टर म्हणाल्या. त्यांना इतकं हसू आलं की चहा उतू गेला.

चहा गाळताना त्यांनी विकायचं कारणही सांगितलं. तीन महिन्यांपूर्वी त्या निवृत्त झाल्या होत्या. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी किक मारायला बंदी केली होती. “मी काही रोज बाहेर पडत नाही आता. गाडी गोठ्यात बघितली की मात्र पाय शिवशिवतात. त्यापेक्षा तिनं कुणाला तरी कामावर न्यावं.”

एकच प्रश्न राहिला होता. “थंडीत, गार असताना, गाडी किती किकमध्ये सुरू होते?”

सिस्टरांनी कप खाली ठेवला. “ते मला ठाऊक नाही.”

“नऊ वर्षं चालवून?”

“गार गाडी मी कधी सुरूच केली नाही. तो प्रश्न आबांना विचार.” त्या पदरानं चष्मा पुसू लागल्या.

मला काही उलगडा झाला नाही. मी वहीत त्या प्रश्नापुढे फुली मारली.

“आता सांग, किती देतेस?” त्यांनी विचारलं.

अशा वेळी आधी समोरच्याला बोलू द्यायचं असतं, हे मामानं वाटेत चारदा बजावलं होतं. पण मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची सवय. मी सरळ सांगितलं. आटपाडीच्या मेकॅनिकनं अशा गाडीचा भाव साडेसहा सांगितला होता. टायर, ब्रेक, वायर आणि पोचा मिळून हजार वजा. राहिले साडेपाच. गार असताना सुरू होत नसावी, त्याचे पाचशे वजा. “पाच हजार.”

“आणि मी सात म्हटलं तर?”

“तर माझ्याकडे सहाच आहेत.”

“अगं बाई!” सिस्टरांनी कपाळाला हात लावला. “खिशात किती आहेत हे कुणी सांगतं का? बाहेर बसलेल्या त्या माणसाची तू भाची ना?”

“हो.”

“वाटत नाहीस.” त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला. “कामावर किती वाजता पोचायचंय?”

“साडेपाचला. पहाटे.”

“हं. पाच हजार. पण एक अट. महिन्यातून एकदा गाडी इकडे आणायची. का, ते विचारायचं नाही. अठरावा प्रश्न नको.”

त्यांनी पदर पसरून आमच्या दोघींच्या हातांवर टाकला आणि खाली माझी पाचही बोटं घट्ट धरली. चेहरा मामासारखा गंभीर केला, तोही क्षणभरच टिकला.

आम्ही बाहेर आलो तेव्हा सौदा संपला होता. दोघेही टॉवेल झटकत उभे होते आणि दोघांचेही चेहरे उजळले होते. मला तिथंच शंका यायला हवी होती. एका सौद्यात दोघंही एवढे खूश सहसा नसतात.

“साडेचार,” मामा माझ्या कानात म्हणाला. “लोळवला.”

त्याच वेळी आबा मोठ्यानं म्हणाले, “सिस्टर, साडेपाचाला दिली!”

गाईनं शेपूट हलवलं. बाकी सगळे थांबले.

“साडेपाच?” मामा म्हणाला. “पाच बोटं धरली आन करंगळी मोडली. मोडलं बोट म्हंजी अर्धं कमी. साडेचार!”

“मोडलं बोट म्हंजी अर्धं चढ! आमच्या बाजारात वाडवडलांपासनं!”

“तुमच्या बाजारात उलटी गंगा वाहती व्हय?”

“आन तुमच्यात मोडल्यालं कमी धरत्यात? म्हंजी सोयरीक मोडली तर पोरगीच कमी झाली का?”

“पाच,” सिस्टर म्हणाल्या. “आमचं आत ठरलंय.”

दोघांनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं. “कुणी ठरवलं?” मामानं विचारलं.

“जिची गाडी तिनं, आणि जिचे पैसे तिनं.”

मामाला हे झोंबलं. चाळीस वर्षांत त्याचा सौदा बायकांनी मोडला नव्हता. त्यानं ठेवणीतलं हत्यार बाहेर काढलं. “मग मी पण बोलतो. साडेचाराच्या वर दमडी न्हाई. का? तर ही गाडी तापवून ठेवल्याली. गिऱ्हाईक येणार म्हनून पहाटे उठून इंजिन गरम केलं ह्या पाव्हण्यानी. माझ्या भाचीनं मिंटासकट सांगितलं, साडेसहा! सांगा खोटं हाय म्हनून.”

आबांनी टॉवेल काढला आणि उगाच हातात पिळला. मला त्यांची दया आली, पण पारा पाराच होता.

“साडेसहा?” सिस्टर माझ्याकडे वळल्या. “एवढं बरोबर कळतं त्यात?”

“अंदाज आहे. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे.”

“अजिबात इकडेतिकडे नाही. साडेसहालाच.” त्यांनी आबांकडे पाहिलं. “सांगू का?”

“ऱ्हाऊ दे,” आबा पुटपुटले.

“नऊ वर्षं मी पावणेसातला घरातून निघायचे. लसीकरण, बाळंतपणं, सगळं. आणि नऊ वर्षं हे साडेसहापर्यंत गाडी सुरू करून, गरम करून ठेवायचे. थंडीत मला किकवर किक मारावी लागू नये म्हणून. मी रिटायर होऊन तीन महिने झाले. हे अजून पहाटे उठतात, गाडी सुरू करतात, थोडा वेळ उभे राहतात आणि साडेसहाला बंद करतात. मी अंथरुणातून ऐकते. आज गिऱ्हाईक येणार म्हणून नाही. रोज.”

आबा गाईच्या गळ्याखाली खाजवू लागले.

“मग ‘न्हाई’ कशाला म्हणालात मला?” मी विचारलं.

“आता काय सांगायचं, पोरी,” ते गाईलाच सांगत म्हणाले. “चालवाय येत न्हाई, आन चालू करतो रोज. येडं म्हनली आसतीस तू.”

नऊ वाजले होते. मी थर्मामीटर लावला, सतरा. मग किक मारली. एक, दोन, सात. गाडी ढिम्म. मामाच्या डोळ्यांत पुन्हा चमक आली.

“थांब, थांब,” आबा पुढे आले. त्यांनी हँडल धरलं, गाडी उजव्या कुशीवर कलती केली, तशीच धरून तीनपर्यंत मोजलं, सरळ केली. “हं, बाई,” असं हळूच म्हणून एक किक मारली. गाडी सुरू झाली. गाय दचकली. आबांनी मला तीनदा करून दाखवलं आणि चौथ्यांदा मला करायला लावलं. एका किकमध्ये सुरू झाली. मामा लांब उभा राहून बघत होता. त्याला काही शिकायचं नव्हतं, असं दाखवत.

मी वही उघडली. “माझी एक वजाबाकी चुकली,” मी म्हणाले. “गार असताना सुरू होत नाही म्हणून मी पाचशे कमी केले होते. ती होते. म्हणजे साडेपाच हजार झाले.”

“अगं, गप!” मामा ओरडला. “आगं, हिला कुणीतरी गप करा! घेणारीच भाव चढवाय लागली!”

सिस्टर कट्ट्यावर बसून हसत होत्या. आबांनी मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदाच ते माझ्याकडे सरळ बघत होते.

“पाच,” ते म्हणाले. “सिस्टरनं सांगितलं ते पाच.”

“पण हिशोबानं—”

“हिशोबाचं पाचशे तुझ्यापाशी ठेव. टायर घाल तेवढं.”

मामानं टोपी काढून डोकं खाजवलं. मग स्वतःचा टॉवेल आबांच्या खांद्यावर टाकला आणि त्यांचा आपल्या खांद्यावर घेतला. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. नंतरही पाहिलं नाही.

किल्लीला सुताची वळलेली दोरी होती. लहान, तांबडी-पांढरी, बैलाच्या कासऱ्यासारखी पीळ दिलेली. आबांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि दोरी सोडवून आपल्या खिशात टाकली.

“दावं देत न्हाईत,” मामा मला म्हणाला. “जनावर द्यायचं, दावं मालकाकडं ऱ्हातं.” आणि आबांकडे बघून त्यानं मान हलवली. वरच्या अंगाच्या आणि नदीपलीकडच्या बाजारांचं एवढं मात्र एकमत होतं.

परत येताना मामा मागं बसला. चार मैल तो “हळू, हळू” म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे चारला उठले. मागच्या न्हाणीत अंघोळ करताना कुठंतरी इंजिनाचा आवाज आला. फाट्यावरून ट्रक जात असेल असं वाटलं. चहा घेतला, स्वेटर चढवला, डबा आणि थर्मामीटर पिशवीत टाकला आणि अंगणात आले. ओसरीवर मामा घोंगडीत डोक्यापर्यंत गुरफटून घोरत होता. घोरणं फार नियमित होतं.

गाडीजवळ कंदील धरला. शेजारच्या धुळीत टाचेचे ठसे एकावर एक उमटले होते. मी मोजायचा प्रयत्न केला, अकरापर्यंत मोजता आले. वाकून इंजिनाला हाताची पाठ लावली. थर्मामीटर काढायची गरज पडली नाही.

त्या केंद्रात मी पुढे सव्वीस वर्षं काम केलं. महिन्यातून एकदा गाडी कुरणवाडीला नेत असे, तेव्हा आबा ती उजवीकडे कलती करून तीनपर्यंत मोजत, सुरू करत आणि थोडा वेळ नुसते उभे राहत. अठरावा प्रश्न मी कधी विचारला नाही.

पण त्या पहाटे मी कंदील विझवला, पिशवी अडकवली आणि किक मारली. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. घोरणं थांबलं.

“लगीच चालू झाली?” घोंगडीतून आवाज आला. “कुणीतरी तापवून ठेवल्याली दिसती. पाचशे कमी करून घ्याय पायजे हुतं.”